विनूबरोबर छावणीत गेलेली गंगा

चैत्र शु. ३
माझा नातू विनू पलटणीचा पंडित होणार! अकोल्याच्या छावणीत जुन्या पंडिताच्या हाताखाली शिकायचं, मग शपथ घेऊन कायम. ही अक्षरं मी त्याच्याच धुळपाटीवर शिकले, तो पाचाचा होता तेव्हा. आता तो शिपायांना शिकवणार. इथं राहून काय करता? विलायतेला कापूस पुरेना झाल्यापासून अमरावतीत जो तो रुईत बुडालेला. पूजेला बसायला यजमान सापडत नाही.
सोबत गंगेचा गडू दिला. ह्यांनी काशीहून आणलेला, माझ्या शेवटच्या घोटासाठी ठेवलेला. तोंड लाखेनं बंद, लाखेवर माझ्या रुद्राक्षाचा ठसा. पंडिताजवळ स्वतःची गंगा नको का? वि. म्हणतो, "आजी, तुला लागली तर?" म्हटलं, तू कायम होऊन येईस्तोवर नाही मरत मी.

चैत्र व. ९
पत्र आलं, कापसाच्या गाडीवाल्याबरोबर. पंडितालाही पहाटे कवायत! हवालदार ओरडतो, "पंडितजी, बायाँ पैर!" आमचा वि. उजवाच टाकतो. लहानपणी अंगणातही तसाच... हसून हसून पोट दुखलं. लिहितो, रंगरुटाला, म्हणजे नव्या शिपायाला, गंगा पाजून शपथ पंडितानंच द्यायची; आता ते काम त्याच्याकडे, आपल्याच गडूतून. शपथ अशी: सरकार धाडील तिथं जाईन, जमिनीवर नि समुद्रावर.
समुद्रावर. हे आधी नाही बोलला. त्याची स्वतःची शपथही हीच का?

वैशाख शु. ७
शेजारची सखू आली, कुणब्याची. तिचा एकुलता नामा बापाशी भांडून पलटणीत गेला. शपथ झाली. आता म्हणे जहाजावर धाडणार.
"माय, तुमच्या विनूनंच त्याले गंगा पाजली. तो म्हंते, गंगा पेलो, आता माघारी नाई येता येत. काहून दिली हो तुमी गंगा?"
बैस म्हटलं, ताक दिलं. प्याली नाही. पंधरा दिवसांपूर्वी हिलाच मी गडूची गोष्ट रंगवून सांगितली होती. जळो माझी जीभ.
वि.ला लिहिलं. तू शपथ घेऊ नको, परत ये. समुद्र ओलांडलेल्याला इथं कोण पंक्तीला घेईल? माझं क्रियाकर्म कोण करील?

वैशाख व. ८
गडू परत आला. वि. नाही आला.
लाख तशीच. ठसा माझाच. बोटानं चार वेळा चाचपला.
चिठ्ठीत एवढंच: "आजी, ही तुझी गंगा, लाख फोडवली नाही. रंगरुटांना विहिरीचं पाणी दिलं. नामालाही. कोणाजवळ बोलू नकोस. द्वादशीला माझी शपथ."
माझ्यापायी केलं. आधी ऊर भरून आला, खोटं कशाला लिहू. मग जेवण गेलं नाही. हा पंडित! पोरं गंगा समजून बांधली गेली, नि हा...

वैशाख व. १२
आज त्याची शपथ. त्याला जुना पंडित पाजणार, स्वतःच्या गडूतली. ती खरीच असणार. लोकांच्या पोरांना विहीर, नि माझ्या पोराला गंगा.
घेतो की निघून येतो, कळायला मार्ग नाही. गाडीवाला परवा येईल.
सखू सकाळपासून ओसरीवर. गडू दिसला तिला देवघरात; लाख तेवढ्या लांबून दिसत नाही.
"माय, नामाची शपथ याच्यातलीच ना?"
मी हो म्हटलं.
तिनं लांबूनच हात जोडले. मग म्हणते, "गंगाच हाय, तर मोडू नये त्यानं. मोडली तर नरकात जाईल तो. जाऊ दे जहाजावर."
विहिरीचं होतं म्हटलं तर नामा शपथेतून सुटेल, घरी येईल. नि वि.च्या हातात बेड्या पडतील.
ती उठत नाही. ऊन ओसरीवर आलं. मी तिला आत सावलीत बोलावलं, तर गडूकडे पाहून म्हणते, नको माय, इथूनच बरं दिसते.