चाळीस पिशव्या दूध

११ मे
वही आणून तीन आठवडे झाले. रोज उद्यावर ढकललं. आज लिहितेच.
किराणा दुकानवाल्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्यात. आठ दिवस दुकान माझ्याकडे! "दूध, लोणी, अंडी, भाजी. या उन्हात एवढं टिकवलंस तर वरची खोली तुझी," म्हणाल्या. दोन वर्षांत सात खोल्या झाल्या, कुठेच टिकले नाही. ही मात्र हवीये मला. समोरच्या गच्चीवर कबुतरं बसतात. त्यातलं एक लंगडतं, पण तोरा केवढा — असो, दूध!

१२ मे
भाजीवर ओलं गोणपाट टाकलं. अंडी फ्रिजच्या दारातून काढून आत ठेवली. आज माझ्याशी लोक बोलले ते एवढंच: "अर्धा लिटर" आणि "पिशवी नाही?"

१३ मे
काकूंचा फोन. आवाज अगदी खोल गेलेला. "ऊन फार आहे गं. दुपारी दुकान वाढवत जा. दुधाला जप." तेवढ्यात नर्स आली, फोन ठेवला.
वाढवायचं! म्हणजे भरवसा बसला माझ्यावर! रोजच्या वीसच्या जागी चाळीस पिशव्या सांगितल्या. दूधवाला म्हणतो, "लग्न काढलंस की काय?" भर दुपारी शटर सताड उघडं ठेवून बसले. चिटपाखरू फिरकलं नाही.

१४ मे
फ्रिज इतका ठासला होता की आत गार हवा फिरायला जागाच नाही. वर दुपारचं ऊन थेट त्याच्या अंगावर. सगळं कोमट! एक पिशवी तापवली — नासली. दुसरी — तीही.
शेजारच्या न्हाव्याला सांगितलं तर हसून हसून स्वतःच्याच खुर्चीत बसला. "अगं शहाणे, दुकान वाढवायचं म्हणजे बंद करायचं! तोंडानं 'बंद' म्हणायचं नाही, म्हणून तसं म्हणतात. दुपारी शटर खाली असलं की आत गारवा राहतो!"
आमच्या घरात कुणाचं दुकान नव्हतं. मला कोण सांगणार?

१५ मे
काकूंना फोन करून सगळं सांगितलं. एकतीस पिशव्या नासल्या, तेही. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. बघते मी." त्या "बघते"चा अर्थ मात्र मला पक्का ठाऊक आहे: खोली गेली.
उरलेल्या नऊ पिशव्या तापवून पातेली गार पाण्याच्या परातीत ठेवली. दुपारी शटर खाली. अंधारात गोणपाट ठिबकतंय, फ्रिज घरघरतोय. दिवसभरात तोंड उघडलं ते त्याच्याशीच — "चाल रे बाबा." बॅग भरून ठेवली.

१६ मे
शटर वर केलं तर पायरीवर काकूंची आई! ऐंशीच्या पुढची, काखेत वळकटी, पहिल्या बसनं आलेली. "लेक म्हणाली, पोरगी खरं बोलते, तिला शिकवणारं कुणी नाही, तू जा. सरक बघू. आणि वरच्या खोलीत माझं अंथरूण तुझ्याच शेजारी घाल, मला एकटीला झोप लागत नाही."