माझ्या खुर्चीवरचं डोकं

४ फेब्रुवारी

आज माझ्या खुर्चीवर लाकडी डोकं बसवून ठेवलं होतं!

ज्यांच्यावर आम्ही विग चढवतो, त्यातलंच एक. जुनं, तुटक्या नाकाचं. त्याला माझा स्कार्फ बांधलेला. मी पोचले तेव्हा आमच्यावर देखरेख करणाऱ्या कप्तानबाई त्यालाच विचारत होत्या, "काय बाई, आज लवकर? तब्येत बरी ना?" बाकीच्या खाली माना घालून जाळीत केस ओवतायत आणि खुसखुसतायत. "माझी खुर्ची," मी म्हटलं. कोणी ढुंकूनही बघितलं नाही. डोकं उचलून शेजारी जमिनीवर ठेवलं आणि बसले. मग दिवसभर सगळ्या वाकून वाकून त्याच्याशीच गप्पा मारत होत्या.

दोन महिने होत आले, माझ्याशी कोणी अवाक्षर बोललेलं नाही. गुन्हा काय? एका आजारी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पुरळ उठलं. मालकांनी विचारलं, खऱ्या केसांत नायलॉन कोण मिसळतं? सगळ्या खाली बघून ओवत राहिल्या. मी नाव सांगितलं. ती कप्तानबाईंची नणंद निघाली. त्याच दिवशी तिला घरी बसवलं.

५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. "मग तूही बोलू नकोस," म्हणाले आणि बातम्यांचा आवाज वाढवला. झालं!

९ फेब्रुवारी

चहाची किटली माझ्यापाशी येते आणि रिकामी होते. रोज. कसं जमवतात कोण जाणे, अंगात कला हवी त्याला. दारात मी उभी असले तर धक्का मारून जातात, सॉरी नाही की काही नाही. घरी येऊन आरशात बघितलं. आहे की मी! चांगली जाडजूड आहे.

१२ फेब्रुवारी

आईची आठवण आली. साखरेच्या डब्यात हात घातला की ती आतून ओरडायची, "देव बघतोय हां!" तेव्हा असा राग यायचा त्या देवाचा — ह्याला दुसरे उद्योग नाहीत का? आज ओवताना मनात तेच म्हणत होते. देव बघतोय. एक केस, एक गाठ. देव बघतोय. इतकं बरं वाटलं! कोणीतरी बघतंय मला.

१९ फेब्रुवारी

कोंडलं मला.

काम सुटताना केसांच्या खोलीत जाळ्या ठेवायला गेले होते. मागे दिवा गेला, कडी लागली. कप्तानबाईंचा आवाज — "आत कोणी आहे का गं?" दुसरी म्हणाली, "छे, कोण असणार!" हसत हसत गेल्या.

आधी दार बडवलं. शिव्या दिल्या, मला एवढ्या येतात हेच माहीत नव्हतं. मग रडले. मग एका पोत्यावर बसले. भोवती नुसते परक्या बायकांचे केस. इथे मेले तर उद्या कोणी शोधणारसुद्धा नाही, अशी भीती वाटली. आणि मग... काही झालं नाही. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. फक्त शेजारच्या पोत्यावर कोणीतरी येऊन बसलंय असं वाटलं. हात लावून बघावंसंही वाटलं नाही. "आहेस ना?" एवढंच विचारलं. भीती गेली! खरंच गेली.

वॉचमनने दार उघडलं तेव्हा मला चक्क डुलकी लागली होती. "अहो बाई, कोणी बघितलं कसं नाही तुम्हाला?" तो म्हणाला. बघितलं की, मी म्हटलं.

२० फेब्रुवारी

उशीर का झाला, ह्यांनी विचारलं. सांगितलं नाही. माझं ते माझ्यापाशी.

३ मार्च

नवी बाई लागली कामाला. डाव्या हाताने ओवते, म्हणून लगेच नाव पडलं डावरी. माझ्या शेजारी बसवली. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, ही गाठ कशी मारलीत? दाखवा ना." मला वाटलं, डोक्याशीच बोलतेय! दाखवली. आवाज घोगरा आला माझा, वापरात नाही ना.

कप्तानबाईंनी तिला बाजूला घेऊन कानमंत्र दिला. डावरी मोठ्यांदा म्हणाली, "अहो, पण मला त्या दिसतात की!" सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

घरी येईपर्यंत हसत होते. हिला देवानेच धाडलंय, दुसरं कोण धाडणार!

६ मार्च

आता डावरीशीही बोलणं बंद. किटली तिच्यापाशीही रिकामी होते. तरी ती माझ्याशी बोलतेच — लेकीची परीक्षा, गुडघ्याचं दुखणं. वेडी आहे.

१० मार्च

सकाळी माझी खुर्ची मोकळी. डोकं डावरीच्या खुर्चीवर, तिचा स्कार्फ बांधून. आणि माझ्यापुढे चहा. वाफाळता, काठोकाठ! "घ्या हो," कप्तानबाई म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जा. साखर बरोबर आहे ना?" आणि मला नावाने हाक मारली. इतक्या दिवसांनी स्वतःचं नाव ऐकलं, डोळे भरून आले. प्यायले. तळाची साखरसुद्धा सोडली नाही.

दुपारी डावरीच्या बोटात सुई घुसली. आमच्या सुईला आकडा असतो, बाहेर ओढली की मांस घेऊन येते. जाळी रक्ताने भरली. ती माझ्याकडे वळली. "ताई, पट्टी आहे का हो?"

माझ्या खणात होती. सगळ्यांचे हात थांबले, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी लाकडी डोक्यापुढे वाकले आणि विचारलं, "काय बाई, पट्टी हवीय का तुम्हाला?"

सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी.

११ मार्च

डावरी आली, बोटाला चिंधी गुंडाळून. माझ्याकडे बघत नाही आता. तो बघतो. दिवसभर शेजारी बसून होता, उठून गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं.