माल्टाची वाळू

कॅरीतलं आमचं घर, रविवार संध्याकाळ

काल माल्टाहून परतलो. आज बॅगा उपसतेय आणि डोकं नुसतं तापलंय. एवढं सुंदर बेट, भाड्याचं घर समुद्राला लागून, आणि माझ्या बॅगेत काय? कुकर! "बाहेरचं किती खाणार यार, रात्री साधा वरणभात हवाच," इति माझा नवरा सुहास. हवा तर स्वतः लाव ना! आणि मीही रोज मुकाट्याने लावत बसले, का? तो आणि लेक जुनी गावं फिरले, बीचवर डुंबले. मी समुद्र पाहिला तो ओट्यासमोरच्या खिडकीतून. आल्या आल्या प्रश्न एकच, "कुकर झाला का?"

मगाशी लेकीचा टॉवेल झटकला, सुहासच्या शॉर्ट्स झटकल्या. वाळूच वाळू. माझ्या नव्या पांढऱ्या ड्रेसवर मात्र हळदीचा डाग. लेक म्हणाली, "मॉम, डिड यू इव्हन गो टू द बीच?" तेवढ्यात सोफ्यावरून सुहास, "कार्पेटवर किती वाळू झालीय, जरा व्हॅक्यूम कर ना."

नाही केलं. मोजे काढले आणि त्या वाळूवर उभी राहिले. माल्टाची वाळू माझ्या पायाला लागली ती इथे, कॅरीत, कार्पेटवर.