सहाशे तेरापैकी सहाशे तेरा

गुरुवार, संध्याकाळ

पोहोचलो एकदाचे! साडेसात तास बसमध्ये, त्यातले शेवटचे दोन तास माझे गुडघे पुढच्या सीटमध्ये रुतलेले. तरी उतरलो तेव्हा मी इतका खुशीत होतो की बायकोनं विचारलं, माहेर नक्की कुणाचं आहे. आठ महिन्यांपूर्वी आम्ही परस्पर सह्या करून लग्न उरकलं, तेव्हापासून ही मंडळी रुसलेली. मागच्या आठवड्यात सासऱ्यांचा हिला अचानक फोन आला. रविवारी मतदान आहे, तुझं नाव इथल्याच यादीत आहे, ये, आणि जावईबापूंनाही घेऊन ये. मला 'जावईबापू' आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तेवढ्यावरच विरघळलो आणि दुकानातून चार दिवसांची सुट्टी काढली. शेठ कुरकुरले, पण दिली. मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानात नऊ वर्षं नंबर तपासतोय, हक्क आहे माझा.

घर छान आहे. खाली दोन खोल्या, वर एक. वरची आम्हाला दिली आहे. ती हिच्या थोरल्या भावाची. त्याला सगळे दादा म्हणतात. हिच्याहून बारा वर्षांनी मोठा, कामानिमित्त बाहेरगावी असतो. कपाटात त्याचे सदरे इस्त्री करून टांगलेत, टेबलावर त्याचा चष्मा. दुसऱ्याचा चष्मा दिसला की माझे हात शिवशिवतात. उचलून पाहिला तर अधिक अडीच, म्हणजे जवळचं वाचण्याचा, चाळिशीचा. माझा उणे सव्वातीन, मला लांबचं दिसत नाही. त्याचा लावला तर सगळी खोली नुसता चिखल. मी गंमत म्हणून त्यातून हिच्याकडे बघत राहिलो, तर ही एकदम ओरडली, काढ तो आधी.

घरात हिला छोटी म्हणतात. आता मी तिला हे ऐकवून ऐकवून जीव नकोसा करणार.

ही वही इथं येताना घेतली. बायको म्हणाली, पहिल्या पानावर नाव घाल. म्हटलं, स्वतःच्या रोजनिशीत कोण नाव घालतं? माझं नाव मला माहीत आहे.

शुक्रवार, दुपार

सकाळी सासऱ्यांबरोबर फेरफटका. जावयाचा काय तो थाट! दुकानदार उठून उभे राहत होते. मला जरा जास्तच निरखत होते, खांदे, उंची, पायातले बूट. एक म्हातारी म्हणाली, अंगानं भरला तर अगदी बरोबर होईल. मला वाटलं, कौतुक करतेय.

मतदान शाळेत असतं. व्हरांड्यात एक मोठा फळा, त्यावर गेल्या नऊ निवडणुकांची नोंद. प्रत्येक ओळीत तेच, मतदार ६१३, मतदान ६१३. मी शाळामास्तरांना थट्टेनं विचारलं, काय हो, तुमच्या गावात कुणी मरतच नाही की काय. मास्तर हसले नाहीत. माणसं मरतात, म्हणाले. नाव आम्ही गळू देत नाही.

जेवण झाल्यावर सासऱ्यांनी विषय काढला. दादाला रजा मिळाली नाही. त्याचं एक मत वाया जाईल आणि इतक्या वर्षांचा आकडा मोडेल. उंची सारखीच आहे, चिठ्ठीवरचा फोटो पुसटच आहे, तुम्ही नुसतं जाऊन सही करून यायचं. मी म्हटलं, बाबा, हा गुन्हा आहे, आपल्याला नाही जमणार. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. सासूबाई मात्र पदरानं डोळे टिपत बसल्या. शेवटी त्यांचं मन राखायला एका कागदावर दादाची सही गिरवून दाखवली. पहिली वेडीवाकडी आली, दुसरी बरी आली. तिसरी अशी उतरली की सासऱ्यांनी मूळ सहीचा कागद शेजारी धरला आणि आम्हा दोघांनाही कळेना की माझी कोणती.



शनिवार, सकाळ

हे नीट लिहून ठेवतो, कारण हा माझ्या धंद्यातला विषय आहे आणि यात मला कुणी फसवू शकत नाही.

उठून तोंड धुतलं. चष्मा अजून उशाशीच होता. खिडकीतून सहज पाहिलं तर समोरच्या भिंतीवरचं प्रचाराचं पोस्टर दिसलं. नुसतं दिसलं नाही, खाली कोपऱ्यात बारीक टायपात छापखान्याचं नाव असतं, तेही वाचलं. चष्म्याशिवाय. रस्त्यापलीकडून. मी आधी उजवा डोळा झाकला, मग डावा. दोन्ही स्वच्छ. क्षणभर आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. मग ही वही उघडली आणि कालचं पान वाचता येईना. अक्षरं पसरलेली. हात लांब करत करत पार ताणला, तेव्हा कुठं लागली.

मी एकतीस वर्षांचा आहे. नंबर असा रातोरात बदलत नसतो. नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

टेबलावरचा तो चष्मा मी लावला नाही. लावला तर काय होईल ते मला माहीत आहे. म्हणून अक्षर मोठं काढतोय.

शनिवार, दुपार

बायकोला म्हटलं, मला इथून आत्ताच्या आत्ता निघायचंय. तिनं का म्हणून विचारलंसुद्धा नाही, बॅग भरायला घेतली. मी तिकिटांसाठी स्टँडवर गेलो. स्टँड मोकळा. सगळ्या गाड्या निवडणुकीच्या कामाला लागल्यात, सोमवारपर्यंत एकही सुटणार नाही.

शेजारी चहाची टपरी आहे. मी चष्मेवाला आहे हे गावभर झालेलं. चहावाल्यानं मला बाकावर बसवलं आणि डब्यातून फडक्यात गुंडाळलेला एक चष्मा काढला. पेटीत सापडला म्हणाला, कुणाचा ते कळत नाही, तुम्ही सांगा. उणे पाच. असला नंबर असलेला माणूस चष्म्याशिवाय दारापर्यंत जाऊ शकत नाही. दांडीच्या आतल्या बाजूला एका लांबच्या शहरातल्या दुकानाचा पत्ता होता. मी विचारलं, तुम्ही मूळचे इथलेच का. तो म्हणाला, हो तर, जन्मापासून. मग हात थांबला त्याचा. म्हणाला, मागच्या निवडणुकीच्या वेळी पाण्याचे पंप विकायला एक माणूस आला होता, फार बोलका, मला फार आवडायचा. मतदानानंतर कुठं गेला कुणास ठाऊक. मी तो चष्मा त्याच्या नाकावर ठेवून पाहिला.

नाकावर दोन्ही बाजूंना जुने वळ होते. चष्म्याच्या गाद्या त्यात नेमक्या बसल्या.

पैसे न देताच उठलो. मागून तो म्हणाला, राहू दे रे दादा, उद्या दे.

शनिवार, संध्याकाळ

बायकोनं सांगितलं. दादा बाहेरगावी नाही. दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. घरात 'गेला' हा शब्द कुणी उच्चारला नाही, सदरे इस्त्री होत राहिले, हळूहळू हीदेखील बाहेरगावी म्हणायला लागली. लहानपणी तिनं पाहिलं होतं की मतदानानंतर गावात काही माणसं वेगळी दिसतात. पण लहान मुलांना काय काय वाटतं, म्हणून सोडून दिलं. तिला वाटलं, आईबाबांचा राग गेला. एवढंच वाटलं होतं तिला. ती रडत होती आणि मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिला जवळही घ्यायचं होतं. घेतलं. ती दचकून मागं सरली. म्हणाली, तुझ्या अंगाला दादाचा वास येतोय.

शेठना फोन लावला. मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, नंबर पाठ होता म्हणून बरं. शेठ म्हणाले, कोण बोलतंय? मी सांगितलं. म्हणाले, थट्टा करू नका, त्याचा आवाज मी ओळखतो.

ठरलंय. उद्या मी खोलीबाहेर पडायचं नाही. संध्याकाळी सहाला मतदान संपतं. ती दाराशी बसेल. दर तासाला मला माझ्या नावानं हाक मारेल.

रविवार, सकाळ

नऊ. ही सातलाच आपलं मत टाकून आली होती, तिला न्यायला कुणी वर यायला नको म्हणून. तिनं हाक मारली. मी ओ दिली.

दहा. मारली. ओ द्यायला जरा वेळ —

सदरा कुणी घातला मला? मी घातला नाही. बरोबर बसतोय.

रविवार, अकरा-साडेअकरा

ती दाराशी तोंड उघडून बसली आहे. नाव आठवत नाही म्हणते. माझं. नवऱ्याचं नाव — घामाघूम झाली आहे बिचारी. मी म्हटलं, रडू नको छोटी —

छोटी म्हटलं मी.

लिहून ठेवायला हवं. आत्ताच. पहिल्याच पानावर घालायला हवं होतं, ती सांगत होती. माझं नाव

रविवार, दुपार

खाली लोक जमलेत. मास्तर. चहावाला. सगळ्यांच्या बोटाला शाई. कुणी दार ठोठावत नाही, कुणी आरडाओरडा करत नाही. उन्हात शांत उभे आहेत. सहाशे बारा झाली म्हणतात.

ती हात पसरून दारात उभी आहे. जाऊ नकोस म्हणते —

बाबांनी खालून हाक मारली. दादा, चल रे, उन्हाचं किती उभं करतोस लोकांना.

आलो बाबा, म्हटलं मी. तोंडातून गेलं. आलो —

रविवार, संध्याकाळ

चष्मा टेबलावरच होता. कधीपासून शोधत होतो.

मतदान छान झालं. मास्तरांनी फळ्यावर दहावी ओळ लिहिली. आईनं मला पोटाशी धरलं आणि सोडेचना, जसा काही मी वर्षानुवर्षं कुठं गेलो होतो.

छोटीचं मात्र काहीतरी बिनसलंय. दुपारपासून स्टँडवर जाऊन बसली आहे, शेजारी बॅग. समजूत घालायला गेलो. नवऱ्याची वाट बघतेय म्हणाली. मी विचारलं, कोण गं? तिलाही धड सांगता येईना. उंच होता, सारखा थट्टा करायचा, चष्मा लावायचा. मग तिनं ही वही माझ्या हातात कोंबली. दादा, तुझे पाय धरते, म्हणाली, यात त्याचं नाव असेल, तेवढं मला वाचून दाखव, मी हाक मारली तर तो येईल.

तिच्या शेजारी बाकावर बसून वाचतोय. पहिल्या पानापासून. अक्षर कुणाचं आहे कळत नाही, पण माणूस चांगला होता, तिच्यावर फार जीव होता त्याचा. पानन् पान पाहिलं. छोटी माझ्या तोंडाकडे बघते आहे. रविवारच्या पानावर नुसतं लिहिलंय 'माझं नाव', आणि त्यापुढं