दुधाला तिखाडीचा वास

रोहणा, १२ डिसेंबर १९५४

आजही दुधाला तिखाडीचा वास आला. गवती चहाच्याच भावकीतलं गवत, पण फार उग्र. गाईने खाल्लं की दूध लगेच चुगली करतं. नाल्याकाठी नुसतं मारवेल गवत उगवतं. तिखाडी आहे ती टेकडीवर, आणि तिथेच परवा वाघाने गोऱ्हा मारला.

बाबांना विचारलं, गाय कुठे नेली होती?

"नाल्यावरच चारली व माय. टेकडीवर काऊन जाईन मी?"

नाल्यावरचं मारवेल तर केव्हाच संपलं. मग गाय चरली काय? मी पेलाभर दूध त्यांच्यापुढे ठेवलं. एरवी हा वास आला की बाबा पेला लोटून देतात. आज एका दमात प्याले, मिशी पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोड हाये."