ठिपके परत येतात तेव्हा

६ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी हवापाण्याच्या गप्पा मारत बसले म्हणून तू वैतागलीस. अगं, तुझी आई हातभर अंतरावर पलंगावर, कान टवकारून! खरं काय ते लिहायला मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले आहे.

ताईच्या हिरड्यांतून रक्त येणं थांबलंय. रक्ताच्या कर्करोगावर सुरू केलेल्या गोळ्या ती मुकाट घेते. 'अ' जीवनसत्त्वाच्या नात्यातलं औषध आहे म्हणे. अडलंय ते पुढच्या औषधावर. जोडीला सलाईनमधून आर्सेनिक द्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ताई उठून बसली आणि तिने विचारलं, आर्सेनिक म्हणजे आपला तो सोमलच ना? बाई हो म्हणाल्या. ही म्हणाली, मग नको.

तिचं तरी काय चुकलं? सगळी नोकरी दवाखान्याच्या औषधखोलीत गेली. विषाच्या कपाटाची किल्ली कायम गळ्यात. तुला कुशीत घेतलं की ती तुझ्या गालाला टोचायची आणि तू भोकाड पसरायचीस. जी बाटली जन्मभर कुणाच्या हाती लागू दिली नाही, ती आता माझ्याच शिरेत ओतणार का, असं तिने बाईंना सुनावलं. बाई म्हणतात, गोळ्या एकट्या पुरणार नाहीत, चार-पाच दिवसांत ठरवा, नाहीतर हातची वेळ जाईल.

मी रडले, रागावले, अबोलासुद्धा धरून पाहिला. शेवटी ती म्हणाली, माझी लेक एवढी पेशींत डोकं खुपसून बसते, सोमल तिथे काय करतो ते तिने मला दाखवावं. आणि दुसऱ्या कुणाच्या नकोत, माझ्याच पेशी.

आता सगळं तुझ्यावर आहे, बाळा. वेळेवर जेव, आणि आठवणीत ठेव.

तुझी,
मावशी

८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईच्या अस्थिमज्जेचा नमुना तपासणीला आमच्या प्रयोगशाळेतच आला होता. उरलेल्या पेशी जपून ठेवल्या होत्या. तुझं पत्र काल कुरिअरने मिळताच मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी आईला विचारलं, आणि तिने एका शब्दात परवानगी दिली.

सरांनी मात्र मला हात लावू दिला नाही. मुलीच्या नजरेला हवं तेच दिसतं, असं म्हणाले. काम माझ्या मैत्रिणीने केलं. अर्ध्या पेशींना सोमलाचा अंश दिला, अर्ध्यांना नाही, आणि दोन काचा नुसते आकडे घालून माझ्यापुढे ठेवल्या. कुठली कुठली ते मला माहीत नव्हतं.

मावशी, पेशीच्या केंद्रकात एका प्रथिनाचे वाटोळे पुंजके असतात. त्या प्रथिनाला चिकटणारा चमकता रंग लावला की अंधारात हिरवे ठिपके दिसतात. त्यांच्याभोवती ना साल, ना पिशवी, तरी ते गोल राहतात. पेशीने कधी थांबायचं, कधी मरायचं, यात त्यांचा हात असतो. पुरतं गुपित अजून कुणालाच उलगडलेलं नाही. आईच्या पेशींत दोन जनुकांचे तुकडे भलतेच जोडले गेलेत. त्यातून तयार होणारं जोडप्रथिन हे पुंजके फोडून टाकतं, आणि पेशी कोवळ्याच राहून नुसत्या वाढत सुटतात.

पहिल्या काचेवर ठिपके नव्हतेच. हिरवी धूळ होती, पिठाची चाळणी झटकावी तशी. दुसरी काच लावली, आणि ठिपके होते! ठसठशीत, गोल, जागच्या जागी. मैत्रिणीने आकडे उलगडले, सोमल दिलेली काच तीच होती. सोमल नेमका त्याच प्रथिनाला जाऊन धरतो. जोडप्रथिन मोडीत निघतं आणि चांगलं पुन्हा गोळा होतं. हे मी पुस्तकात किती वेळा वाचलंय. पण ही माझी आई होती गं. मैत्रिणीने ठेवलेला चहा गार झाला तरी मी भिंगापासून हलले नाही.

काचेवर झालं ते शरीरात होईलच, असं आमचे सर कधी बोलू देत नाहीत. औषधाला धोके आहेत, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं, हे आईला सांग. आणि याच आजाराची असंख्य माणसं याच औषधाने बरी झाली आहेत, हेही सांग. दोन्ही फोटो सोबत आहेत.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारू

१० मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. शाळेत सिस्टरांनी कांद्याची साल सूक्ष्मदर्शकातून दाखवली, तेव्हा मी स्वतःच्या पापणीचे केस बघून तेच वहीत काढले होते. ताईने पहिल्यांदा हेच विचारलं, की यात कुणाच्या पापण्या नाहीत ना! म्हटलं, विनोद सुचतोय, म्हणजे आशा आहे.

मग तिने औषधांवरची बारीक अक्षरं वाचायचं आपलं जुनं भिंग काढलं. धुळीचा फोटो पाहिला. ठिपक्यांचा पाहिला. एकेका ठिपक्यावर नख टेकवत गेली. म्हणाली, इतकी वर्षं हे आत घेऊन मी हिंडतेय, आणि मला पत्ता नाही. तिचा असा आवाज मी एकदाच ऐकला होता, तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा.

यानंतर लगेच तिच्यातली औषधखोली जागी झाली. बाईंकडून मात्रा मागून घेतली, स्वतःच्या वजनाचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर मांडला, ताळा जमला. सलाईनची बाटली उजेडात धरून पाहिली, नर्सला चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली, आणि हात पुढे केला.

पहिला थेंब पडताना मी खिडकीबाहेर बघत होते. ती थेंबाकडेच बघत होती.

आम्हा दोघींना विसरू नकोस.

तुझी,
मावशी

२१ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या मज्जेत आता वाईट पेशी दिसत नाहीत, हे तुला बाईंनी कळवलंच असेल. औषध अजून बरेच महिने चालायचं आहे. बोटं थरथरतात, अक्षराला हसू नकोस.

तुझा धुळीचा फोटो मी बाईंना देऊन टाकला. दुसरा उशाशी आहे. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला तो नातवंडाचा असावा तशी दाखवत सुटते.

पडल्या पडल्या मी विचार करत होते. ते कपाट आज पुन्हा माझ्या ताब्यात दिलं, तर बाटलीवरची 'विष' ही लाल चिठ्ठी मी काढणार नाही. कुलूपही लावीन, किल्लीही गळ्यात घालीन. फक्त कपाट उघडताना आधी जरा मान लववीन.

हिंडण्याफिरण्याची मुभा मिळाली की तुझ्याकडे येणार आहे. मला ते ठिपके फोटोत नाही, भिंगातून बघायचेत. मावशीलाही आणते. तिला मात्र आधी डोळे नीट उघडायला शिकव.

वाट बघ.

तुझी,
आई