लॅबसाठी घेतलेलं जुनं मशीन

आई,

मी लॅबसाठी एक जुनं मशीन घेतलं, आणि गेले चार महिने त्या मशीनशी, ते विकणाऱ्याशी आणि मनातल्या मनात तुझ्याशीसुद्धा भांडते आहे. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतके दिवस तुझी आठवण सणावाराला यायची, काही चांगलं झालं की यायची. हल्ली रोज सकाळी लॅबचं शटर वर करताना येते आणि सोबत चिडचिड घेऊन येते. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. तेच नको असतं.

शुगर, युरिया, क्रिएटिनिन मोजणारं आपलं आधीचं मशीन होळीच्या सुमारास बंद पडलं. नवं घेणं शक्य नव्हतं आणि मशीनशिवाय लॅब म्हणजे लघवी आणि हिमोग्लोबिन, एवढ्यावर उज्जैनच्या माधव नगरात आता कोणी पायरी चढत नाही. देवास गेटच्या मागे एक माणूस बंद पडलेल्या लॅबचं सामान विकतो. सेंट्रिफ्यूज, इनक्यूबेटर, मायक्रोस्कोप एकावर एक रचलेले. त्याने एक मशीन फडक्याने पुसून टेबलावर ठेवलं. "मैडम, इंदौर की लैब का है. डॉक्टर साहब बेटे के पास विदेश चले गए. ज़्यादा चला ही नहीं." स्क्रीन उजळली. त्याने नळीतून पाणी ओढून दाखवलं, आकडा शून्यावर आला, आणि मी हो म्हणाले. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

तू रिटायर झाल्यावर आपण मायक्रोस्कोप बघायला फ्रीगंजला गेलो होतो, आठवतं? सरकारी हॉस्पिटलात तीस वर्षं टेक्निशियन म्हणून काढून तू स्वतःची लॅब उघडणार होतीस, आणि मी नुकता डिप्लोमा केला होता. एक म्हातारे डॉक्टर दवाखाना आवरत होते. तू पर्समधून रुमालात गुंडाळलेली तुझी स्वतःची स्लाइड काढलीस, मलेरियाची, आणि खिडकीशी स्टूल ओढून बसलीस. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. तू भिंग फिरवतेस, स्लाइड सरकवतेस, पुन्हा पहिल्यापासून. मी लाजेने कॅलेंडर बघते आहे. शेवटी डॉक्टर हसून म्हणतात, "ताई, मुलगी बघायला आल्यासारखं काय बघताय?" तू डोळा न काढता म्हणतेस, "मुलगी बघायला इतका वेळ लागत नाही." मोठ्या भिंगाच्या कडेला बुरशी होती. तू धन्यवाद म्हणून उठलीस. आपण पुढचे दोन महिने आणखी मायक्रोस्कोप बघत फिरलो, आणि मी तुझ्यावर तेव्हाही चिडले होते.

माझं मशीन पहिले पंधरा दिवस बरं चाललं. मग आकडे सरकायला लागले. एकच रक्त सकाळी लावलं तर एक आणि दुपारी लावलं तर दुसरं. मी दुकानदाराला फोन केला. त्याने एक मेकॅनिक पाठवला. तो म्हणाला, "वोल्टेज का चक्कर है, स्टेबलाइज़र लगाओ." लावला. मग म्हणाला, केमिकल बदला. बदललं. मग म्हणाला, खोली गरम होते, एसी लावा. अगं, मे महिन्यात उज्जैनमधली कोणती खोली गरम होत नाही? शेवटी त्याने यायचंच सोडलं. फोन केला की सिंहस्थाच्या तयारीचं कारण सांगायचा. "सड़क खुदी पड़ी है मैडम, गाड़ी कहाँ से लाऊँ?" रस्ते खरोखरच खणलेले होते, त्यामुळे धड भांडताही येईना. मी त्याच धुळीतून रिक्षाने दोनदा दुकानात गेले. दोन्ही वेळा दुकानदाराने चहा मागवला आणि तो मशीन सोडून सगळ्या विषयांवर बोलत राहिला.

आणि मग एक दिवस काका आले. रेल्वेतून रिटायर झालेले, मागच्या गल्लीत राहणारे. तुझ्या वेळेपासून आपल्याकडेच रक्त देतात. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले, एक आपला आणि एक इंदूरचा. "बेटा, जरा मिलवून बघ." आपल्या रिपोर्टात क्रिएटिनिन दुपटीपेक्षा जास्त होतं, म्हणजे किडनी निकामी व्हायला लागल्याची खूण. इंदूरच्या रिपोर्टात ते अगदी साधारण होतं. इथल्या डॉक्टरांनी आपला कागद बघून त्यांना इंदूरच्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. तिथे नंबर मिळायला आठ दिवस लागले. तिथे पुन्हा रक्त काढलं तेव्हा कळलं की त्यांना काहीच झालेलं नाही. नातीच्या बारशाला पुण्याला जायचं होतं, ती तिकिटं मात्र रद्द झाली होती.

मी म्हणाले, "काका, मशीन खराब निघालं. मला माफ करा." ते म्हणाले, "अरे, माझं काय, मी तर बचलो. पण या आठ दिवसांत मी हिला एटीएम चालवणं शिकवून टाकलं. बँकेचे कागद कुठे आहेत, पेन्शनचा फॉर्म कुठे मिळतो, सगळं दाखवून दिलं." ते हसत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि बस म्हणाल्या नाहीत. "आठ दिवस मी यांना डाळ नाही दिली," त्या म्हणाल्या. "दोन्ही वक्त लौकीची फिकी भाजी. हे चूपचाप खायचे, आणि जेवण झालं की मला एटीएमपाशी घेऊन जायचे. तिथे माझी बटणं चुकायची, मागे लाइनीतली माणसं ओरडायची. तुझ्या आईच्या वेळी असं कधी झालं नाही बरं." मागून काका म्हणत होते, "जाऊ दे ना, कशाला पोरीला बोलतेस?" आई, मी पन्नाशी ओलांडली. त्या दारात मी पोरगी झाले, तीही तुझी.

दुसऱ्या दिवशी देवास गेटला गेले आणि या वेळी चहा घेतला नाही. दुकानदार मुळीच भांडला नाही, त्यानेच मी जास्त पेटले. "सेकंड हैंड में गारंटी थोड़ी होती है मैडम. फिर भी आपकी दिक्कत है तो वापस ले लेता हूँ. एक पार्टी है महिदपुर तरफ़ की, वो कब से माँग रही है." मी विचारलं, "और उनको क्या बताओगे?" तो म्हणाला, "जो आपको बताया था." मी तिथे उभी राहून त्या अनोळखी लॅबचा विचार केला. तिथल्या गावातून इंदूर आणखी लांब. मी लॅबमध्ये परत आले, मेकॅनिक विसरून गेला होता तोच पेचकस घेतला, मशीन उघडलं आणि आतली सर्किटची पट्टी काढून तिचे दोन तुकडे केले. परत द्यायचा प्रश्न संपला. पैसे गेले ते गेले. आता या तपासण्यांचे नमुने मी दुसऱ्या लॅबमध्ये पाठवते, रिपोर्ट एक दिवस उशिरा देते, आणि डॉक्टर माझ्यावर कावतात. पुन्हा एखाद्या जुन्याच मशीनच्या शोधात आहे.

या सगळ्यात तुझ्यावर राग कशाचा, ते लिहिते. मी लॅबमध्ये नवी होते तेव्हा एकदा घाईत प्लेटलेट न मोजता अंदाजाने आकडा लिहिला होता. तू स्वयंपाकघरात पोहे परतत होतीस. मी सहज बोलून गेले. तू गॅस बंद केलास, पोहे तसेच कढईत, आणि म्हणालीस, "अंदाज पोह्यातल्या मिठाचा घ्यायचा. रक्ताचा नाही." मग लूनावर मागे बसवून मला त्या पेशंटच्या घरी नेलंस आणि मलाच दुसऱ्यांदा रक्त काढायला लावलंस. ते वाक्य मी माझ्याकडे शिकायला आलेल्या सगळ्यांना ऐकवलं आहे. पण आई, तुझ्यामागे पेन्शन होती. तुझ्या काळात डॉक्टर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायचे, आता तासाभरात मोबाइलवर रिपोर्ट मागतात, नाहीतर पेशंट समोरच्या चकचकीत लॅबमध्ये जातो. दोन महिने मायक्रोस्कोप बघत फिरायला तुला वेळ होता. मला वीस मिनिटं होती. हे मी मनात किती वेळा घोकलं आहे, आणि दर वेळी ते खरंच वाटतं.

तरी एक गोष्ट राहिली. रोज सकाळी पेशंटच्या आधी मशीनला कंट्रोल लावतात, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असं कंपनीचं तयार सिरम. तो आकडा बरोबर आला तरच पुढे जायचं. काकांचं रक्त लावलं त्या दिवशी सकाळी कंट्रोल जास्त आलं होतं. फार नाही, पण हद्दीच्या बाहेर. मी ते बघितलं. बाहेर बाकावर सात-आठ माणसं उपाशीपोटी बसली होती. मी 'चालेल' म्हणाले, चक्क तोंडाने म्हणाले, आणि पुढची नळी उचलली. काकांना मी मशीन खराब निघालं एवढंच सांगितलं. काकूंनाही तेच, डॉक्टरांनाही तेच. परवा काका पुन्हा शुगर करायला आले, बाही सारून हात पुढे केला, आणि मी तेव्हाही बोलले नाही. तुला सांगते आहे, कारण तुला सांगणं सोपं आहे.